वॉरंटी नाकारायची तर लेखी नाकारा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोटारीच्या इंजिनाचे मोठे काम निघाले की ते वॉरंटीत बसते की नाही हे ज्या रीतीने ठरवले जाते, त्याविषयी आपल्या पत्राद्वारे काही मांडू इच्छितो.

गेल्या मे महिन्यात पाथरीहून सेलूकडे येताना माझ्या गाडीचा तापमानाचा काटा अचानक लाल रेषेवर गेला आणि सावली शोधत दीडेक किलोमीटर पुढे जाईपर्यंत बॉनेटखालून वाफ येऊन इंजिन बंद पडले. गाडी घेऊन सव्वादोन वर्षे झाली होती, ती ४६ हजार किलोमीटर चालली होती आणि वॉरंटी ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंतची होती. ओळखीचे मिस्त्री जागेवर आले, तेव्हा इंजिन थंड ठेवणारे कूलंट हे द्रव फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या कडेला त्या कूलंटचा वाळलेला गुलाबी ओघळ त्यांना दिसला. कशालाही हात न लावता त्यांनी मला त्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवायला सांगितले. या सल्ल्याचे मोल मला पुढे कळले.

गाडी टोइंग करून छत्रपती संभाजीनगरच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये न्यावी लागली. तेथे ज्या जॉब कार्डावर माझी सही घेतली, त्यात बारीक अक्षरांत अशी अट होती की, दोष वॉरंटीबाहेरचा निघाल्यास इंजिन उघडण्याची व जोडण्याची मजुरी ग्राहकाने द्यावी. उघडल्याशिवाय कारण समजत नाही हे मान्य. परंतु उघडणारे, कारण ठरवणारे आणि बिल लावणारे एकच असतील, तर ग्राहकाने विश्वास कशावर ठेवावा? इंजिन उघडताना मला बोलावले नाही. एकवीस दिवसांनी फोनवर सांगण्यात आले की हेड (इंजिनाचा झाकणासारखा वरचा भाग) वाकले आहे, त्याखालचे सांधा बंद ठेवणारे गॅस्केट जळले आहे, कूलंट मिसळून ऑइल दुधाळ झाले आहे, शॉर्ट ब्लॉक (इंजिनाचा पिस्टनसह खालचा मुख्य भाग) बदलावा लागेल, एस्टिमेट १ लाख ३८ हजारांचे आहे आणि गाडी गरम झाल्यावरही चालवल्यामुळे वॉरंटी लागू नाही.

काटा वर गेल्याबरोबर गाडी थांबवायला हवी होती, ही माझी चूक मी नाकारत नाही. पण काटा वर का गेला, या प्रश्नाचे उत्तर त्या फोनमध्ये नव्हते. पंप गळला म्हणून कूलंट कमी झाले, कूलंट कमी झाले म्हणून इंजिन तापले आणि इंजिन तापले म्हणून हेड वाकले, अशी ही साखळी आहे. तिची पहिलीच कडी वॉरंटीतल्या सुट्या भागाची असताना शेवटच्या कडीचा दोष तेवढा चालकाच्या माथी मारला जातो. त्यातच उघडलेले भाग धुऊन ठेवले की ओघळाचा पुरावाही जातो. माझे छायाचित्र नसते, तर पंप गळत होता हे मला सिद्धच करता आले नसते.

मी नकाराचे कारण लेखी मागितले आणि ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ चा उल्लेख केला. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. आता ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे मला परभणीतच दाद मागता आली असती. फक्त ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. माझे पत्र गेल्यावर आठवड्यात कंपनीचा सूर बदलला: सुटे भाग मोफत, मजुरी माझी, आणि हे सर्व 'गुडविल' म्हणून. जे हक्काचे असू शकते ते उपकार म्हणून का घ्यावे, हे मला समजले नाही. चावी देण्यापूर्वी 'पूर्ण समाधान' असे छापलेल्या कागदावर सही मागितली, तेव्हा 'मजुरीबाबतचा हक्क राखून' असे लिहूनच मी सही केली.

आपल्या भागात बहुतेक तालुक्यांपासून अधिकृत वर्कशॉप लांब असल्यामुळे पुष्कळजण मोफत सर्व्हिस संपल्यावर ऑइल गावातच बदलतात. त्यात गैर काही नाही, पण ऑइलची ग्रेड आणि किलोमीटर लिहिलेले पक्के बिल घेतले नाही, तर पुढे तेच कारण दाखवून हात झटकले जातात.

माझी मागणी मोठी नाही. मोठ्या कामासाठी इंजिन उघडताना मालकाला दिवस व वेळ कळवावी, भाग धुण्यापूर्वी छायाचित्रे काढून ती त्याला द्यावीत, आणि वॉरंटी नाकारली तर कोणत्या अटीनुसार व कोणत्या भागामुळे, हे सही-शिक्क्याने लिहून द्यावे. तोवर नाकारलेले भाग भंगारात टाकू नयेत. संबंधित खात्याने कंपन्यांना हे बंधनकारक करावे.

जुना वॉटर पंप मी परत मागितला होता. वॉरंटीत बदललेला भाग कंपनीकडेच जमा होतो, असे सांगून तो दिला नाही. रस्त्याच्या कडेला काढलेले ते एक छायाचित्र तेवढे माझ्याकडे आहे.

आपला,
एक वाचक, सेलू (जि. परभणी)