फिट आल्यावर मला बोलता येत नाही, म्हणून आधी ऐका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मला एपिलेप्सी आहे, आपल्याकडे मिरगी किंवा फिट येणं म्हणतात ते. शाळेत असल्यापासून आहे, गोळ्या चालू आहेत, नोकरी करते, नाशिकमध्येच सिडकोतून सातपूरला रोज बसने जाते-येते. आजारापेक्षा जास्त दमायला होतं ते लोकांना समजावून सांगताना, आणि आता अगदी गळ्याशी आलंय म्हणून हे पत्र.

फिट येते तेव्हा मी बेशुद्ध असते, तेव्हा काहीच सांगता येत नाही. म्हणजे जे काय सांगायचं ते मी चांगली हिंडती-फिरती असतानाच सांगावं लागतं, आणि तेव्हा कोणी मनावर घेत नाही. "अगं तुझ्याकडे बघून वाटत पण नाही", "कशाला सारखं तेच तेच बोलतेस, होईल नीट", झालं, विषय संपला. मग ज्या दिवशी खरंच फिट येते त्या दिवशी जो तो आपल्याला जे माहीत असेल ते करतो.

गेल्या पावसाळ्यात सीबीएसच्या स्टॉपवर असंच झालं. शुद्धीवर आले तर नाकाशी कोणाची तरी चिखलाने भरलेली चप्पल, तोंडात रक्त, आणि पुढच्या दाताचा तुकडा पडलेला, कारण एका काकांनी दातखीळ सोडवायला गाडीची किल्ली घातली होती. दोघांनी हात दाबून धरलेले, तो खांदा नंतर कितीतरी दिवस वर जात नव्हता. कोणाचा हेतू वाईट नव्हता हो, एक मावशी तर माझी पर्स छातीशी धरून रडत होत्या. मी कसंबसं म्हटलं की तोंडात काही घालत जाऊ नका, तर काका म्हणाले "पोरी, जीभ घशात गेली असती, वाचवलं तुला." जीभ घशात जात नाही काका, ती खालून घट्ट जोडलेली असते, चावली जाते पण गिळली जात नाही. हे पुढचं बोलेपर्यंत बस आली आणि सगळे पांगले.

चप्पल नाहीतर कांदा हुंगवला की फिट थांबते असं लोकांना वाटतं याचं कारणही साधं आहे. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, चप्पल काढून नाकाशी नेईपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो. करायचं एवढंच असतं की आजूबाजूचं टोकदार सामान, दगड बाजूला करा, डोक्याखाली ओढणी किंवा काहीतरी मऊ द्या, हातपाय दाबू नका, झटके थांबले की कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येते, आणि पूर्ण भानावर येईपर्यंत पाणी पाजू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा शुद्ध न येता लगेच दुसरी आली तर १०८ ला फोन.

घरच्यांचं तर वेगळंच. आत्या प्रत्येक वेळी म्हणते त्र्यंबकला जाऊन विधी करून घेऊ आणि मग त्या गोळ्या बंद कर, किती दिवस खाणार. आत्या, पूजेला मी कधीच नाही म्हटलं नाही, तुझ्याबरोबर बसेन पण. पण गोळ्या एकदम बंद केल्या तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय. नीट उपचार घेतले तर १०० पैकी ७० जणांच्या फिट थांबू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, मला अधूनमधून येते तरी पूर्वीपेक्षा खूप कमी झालीये ती त्या गोळ्यांमुळेच.

आणि लग्नाचं. स्थळाला सांगायचं नाही, नंतर बघू, असं सगळे मिळून ठरवतात, माझं मत कोणी विचारत नाही. लग्नाला आड येणाऱ्या अटींमधून एपिलेप्सी १९९९ सालीच कायद्यात दुरुस्ती करून काढून टाकलीये, हे मी प्रिंट काढून दाखवलं तरी उत्तर एकच, "कायदा बाजूला ठेव, लोक काय म्हणतील ते बघ." मला लपवून लग्न करायचंच नाहीये. ज्याच्या शेजारी मी झोपणार मला रात्री फिट आली तर काय करायचं हे त्याला माहीत नको का?

संपादक साहेब, २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय, रामकुंडावर आणि त्र्यंबकला किती गर्दी होणार हे तुम्हाला सांगायला नको. जागरण, उपास, गोळी चुकणं यानेच फिट यायची शक्यता वाढते आणि यात्रेत नेमकं हेच सगळं होतं. तेव्हा स्वयंसेवकांना, पोलिसांना आणि आपल्या सिटीलिंक शहर बसच्या कंडक्टर-ड्रायव्हरना एवढी माहिती आत्तापासून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे. मनपाने बसस्टॉपवर बोर्ड लावले तर फारच बरं. कुठल्या कार्यक्रमात येऊन बोलायचं असेल तर मी यायला तयार आहे, सुट्टी टाकून येईन, फक्त मधेच उठून जाऊ नका.

आपली,
एक वाचक, सिडको, नाशिक