पास आऊट म्हणजे नक्की काय झालं?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

'पास्ड आऊट इन द लॅब' हा तुझा मेसेज ग्रुपवर आत्याने आधी वाचला आणि पेढे सांगून मोकळी झाली. तिचं तरी काय चुकलं? आपल्याकडे '2010 चा पासआऊट' असंच म्हणतात. खडकवासल्याला कॅडेट बाहेर पडतात तीही पासिंग आऊट परेडच, आणि हा प्रयोग मुळात ब्रिटिश लष्करातलाच. पण तुझ्या डिग्रीला अजून अवकाश आहे. चक्कर येऊन पडलीस, हे मला लगेच कळलं.

डोक्याला लागलं नाही ना? जवळ कोण होतं?

जन्मभर नववी-दहावीला हेच शिकवलं. क्रियापदाचं शेपूट बदललं की अर्थ पालटतो. पास आऊटला कर्म नसेल तर शुद्ध हरपणं, कर्म दिलं तर वाटणं: 'शी पास्ड आऊट द पेपर्स'. आणि आऊटच्या जागी अवे लावलं की... ते फळ्यावर लिहून मी पुढच्या उदाहरणाकडे वळायचो. परवा मात्र रात्री उठून उठून मेसेजातलं 'आऊट' तपासत होतो.

दारू पिऊन आडवा झालेल्यालाही तिकडे पास्ड आऊटच म्हणतात. म्हणून बापूकाकाला मी 'फेंटेड' असं सांगितलंय. तोंडं धरता येत नाहीत.

उपाशीपोटी तासन्‌तास उभी राहत जाऊ नकोस. अंधारी आली की लाजायचं नाही, सरळ आडवं व्हायचं, पाय उंचावर ठेवायचे. रात्री-अपरात्री पुन्हा तसं वाटलं तर तिथला वैद्यकीय सल्ल्याचा 111 नंबर लाव. झाला माझा तास सुरू! रागावू नकोस.

चौथीत असताना एक मेच्या झेंडावंदनाला उन्हात कोसळली होतीस. आई पदराने वारा घालत रडत होती. डोळे उघडल्या उघडल्या तू विचारलंस, "राष्ट्रगीत झालं?" हेडमास्तर वर्षभर ते सांगत फिरले. मीही, खरं तर अजून सांगतो. पण तेव्हा तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं.

शुद्धीवर येण्याला 'कम राऊंड' म्हणतात, तुला सांगायला नकोच. ते वाक्य मेसेजात नाही. कोण होतं जवळ, ते कळव. घरमालकीणबाई असतील तर त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझे बाबा

ता. क. रक्त तपासलं असेल तर रिपोर्टचा फोटो मला एकट्याला पाठव, ग्रुपवर नको. हिमोग्लोबिन आईवर गेलं असणार.