चिऊचा जाड आवाज

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू रडवेली झालीस आणि मला धड काही बोलताच आलं नाही, म्हणून लिहायला बसले. समूहगीतातून चिऊला काढलं, का तर म्हणे 'आवाज पोरासारखा आहे, इतर मुलींत मिसळत नाही'. नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडावर हे सांगायचं? फार राग आला मला. फोन ठेवला आणि गायिका उषा उथुप आठवली.

तिचा जन्म १९४७ चा, मुंबईतल्या तमिळ घरातला. वडील पोलीस खात्यात, राहायला भायखळ्याला. शाळेत गाण्याच्या तासाला तिलाही बाहेर बसवलं होतं, आवाज इतर मुलींत बसत नाही म्हणून. पण पोरीत गाणं आहे हे बाईंना कळलं असावं. त्यांनी तिच्या हातात ट्रँगल दिला, ते काडीने वाजवायचं त्रिकोणी वाद्य. हे वाचलं तेव्हा मी त्या ट्रँगलपाशीच अडले. बाकीच्या मुली गातायत आणि ही टिंग टिंग करत उभी आहे, असं चित्र डोळ्यांपुढून जाईना.

शास्त्रोक्त शिकली नाहीच ती. घरात रेडिओ मात्र सतत चालू असायचा. किशोरीताई, बडे गुलाम अली, कर्नाटक संगीत, पाश्चात्त्य, सगळंच कानावर पडायचं. मोठ्या बहिणी गायच्या. त्यांच्यामुळेच अमीन सयानींच्या रेडिओ कार्यक्रमात ती पहिल्यांदा गायली. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, सुमे. आपल्या चिऊएवढी!

पुढे १९६९ मध्ये मद्रासला माउंट रोडवरच्या 'नाइन जेम्स' या छोट्या नाइटक्लबात ती इंग्रजी गाणी गायली, तीही साडी नेसून. लोकांना इतकी आवडली की मालकाने आठवडाभर ठेवून घेतलं. मग कलकत्त्याचं 'ट्रिंकाज' रेस्टॉरंट, मग दिल्ली, आणि तिथून सिनेमा. त्या काळात बाईचा आवाज म्हणजे लताबाईंसारखा पातळ, वर चढणारा, असंच सगळ्यांच्या मनात होतं. ही खालच्या पट्टीत, भरदार गायली आणि तिथेच राहिली. आवाज बारीक करायला गेली नाही. १९८१ च्या 'अरमान'मधलं 'रंभा हो' आठवतं ना? गणपतीत मांडवात ते लागलं की आपण दोघी कशा धावायचो! त्या आवाजाला तेव्हा आपण कधी जाड म्हटलं होतं का गं?

२०११ साली तिला पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये पद्मभूषण. पण चिऊला पुरस्कारांचं नको सांगूस, ट्रँगलचं सांग.

आणि एक कर. घरी गाताना तिला वरच्या सुरात ओढू नका, घसा ताणला जातो. दिवाळीत तिला घेऊन ये. आईची पेटी अजून चांगली वाजते, भाता तेवढा दुरुस्त करून घेतलाय. तिचा सा कुठे आहे ते आम्ही दोघी मिळून शोधू. तोवर रविवारी फोन तिच्याकडे दे. तिने मला तिला आवडेल ते गाणं म्हणून दाखवायचं, तिच्या पट्टीत.

तुझी,
नंदू