तालुक्यातल्या परिचारिकांची नोंद बिनचूक करण्यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आम्ही राजापूर तालुक्यात नोकरी करणाऱ्या आणि इथून निवृत्त झालेल्या परिचारिका. पाचलपासून जैतापूरपर्यंत आपल्या गावांत शिकलेल्या परिचारिका, प्रसविका आणि ब्रदर (पुरुष परिचारक) नेमके किती, त्यांतले आज कामावर किती, याची यादी करून देशाच्या नोंदवहीतली त्यांची माहिती दुरुस्त करून घेण्याचे काम आम्ही अंगावर घेतले आहे. त्यासाठी पैसा थोडा लागेल, माणसे जास्त.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये दिलेल्या आकड्यानुसार देशात ३३.४१ लाख नोंदणीकृत परिचारिका होत्या, आणि सरकारने सांगितलेले प्रमाण हजार लोकसंख्येमागे १.९६ होते. जागतिक आरोग्य संघटनेचे माप म्हणून ३ चा आकडा सांगितला जातो. पण मुळात तो ३३ लाखांचा आकडा म्हणजे राज्यांच्या परिचर्या परिषदांकडच्या, म्हणजे परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या संस्थांकडच्या, नोंदींची बेरीज, आणि या नोंदवहीत एकदा चढलेले नाव सहसा उतरत नाही. वारलेल्या, निवृत्त झालेल्या, मुले लहान म्हणून नोकरी सोडलेल्या, मस्कतला गेलेल्या, सगळ्या तिथेच. राज्य बदलून पुन्हा नोंदणी केलेली तर दोनदा. २०१८ च्या राष्ट्रीय नोंदींत परिचारिका-प्रसविका २३.४ लाख होत्या. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवरून संशोधकांनी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा अंदाज काढला, तो निघाला १४ लाख. मधल्या नऊ लाखांचा हिशेब लावल्याशिवाय नवी पदे किती हवीत हे कोणी कसे ठरवायचे? कागदावर माणसे भरपूर आणि वॉर्डात रात्रपाळीला एकटी सिस्टर, हे आम्ही रोज पाहतो.

भारतीय परिचर्या परिषदेने यासाठी आधारशी जोडलेली ऑनलाइन नोंदणी सुरू केली आहे. त्यात प्रत्येकीला देशभर चालणारा एकच क्रमांक मिळतो. परिचर्येच्या २०२३ च्या कायद्यातही देशपातळीवरच्या ऑनलाइन नोंदवहीची तरतूद आहे. योजना चांगलीच आहे. घोडे अडते ते नावापाशी.

प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, सेवापुस्तकात आद्याक्षरे आणि आडनाव. लग्नाची नोंद त्या काळी कोण करत होते? आता विवाह नोंदणीचा दाखला काढा, राजपत्रात नाव बदला, प्रतिज्ञापत्र करा. मुंबईच्या रुग्णालयांत हयात घालवून गावी परतलेल्या वयस्कर सिस्टरांना हे एकट्याने झेपत नाही. दर पाच वर्षांनी करायचे नूतनीकरण राहून गेलेल्याही अनेकजणी आहेत. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) होऊन नंतर जीएनएम (परिचर्या आणि प्रसविकेचा पुढचा अभ्यासक्रम) केलेल्यांचे कागद आणखी वेगळे. आणि उपकेंद्रातल्या कंत्राटी एएनएमला लसीकरण, गरोदर मातांच्या भेटी आणि अहवाल यांतून एक पूर्ण दिवस मोकळा मिळणे कठीण. म्हणून शिबिरे आम्हीच गावोगाव, सुट्टीच्या दिवशी घेणार आहोत.

आम्हाला चालू स्थितीतला एक लॅपटॉप, स्कॅनर-प्रिंटर आणि प्रतिज्ञापत्रे, झेरॉक्स, एसटीचे भाडे यांसाठी निधी हवा आहे. रक्कम कितीही चालेल. पावती मिळेल, आणि प्रत्येक शिबिरानंतर जमाखर्च सर्वांना वाचता येईल असा लावू. कॉलेजच्या मुलामुलींनी महिन्यातला एखादा रविवार दिला तरी अर्ज भरण्याचे काम निम्मे हलके होईल. ज्यांची दुकाने किंवा सभागृहे आहेत त्यांनी दिवसभर जागा आणि वीज दिली तर भाड्याचा खर्च वाचेल.

घरात परिचारिका असलेल्यांनाही विनंती आहे. आई, वहिनी, मावशी नोकरी सोडून बसली असेल तरी तिचे नाव कळवा. काम करत नसलेल्यांची नोंद तितकीच गरजेची आहे. कोणी वारल्या असतील तर तेही सांगा. हे विचारणे अवघड वाटते खरे, पण मृत्यूचा दाखला परिषदेकडे पोचवला तरच ते नाव कमी होईल. चाकरमानी मंडळींनी मुंबई-पुण्यातल्या आपल्या गावच्या सिस्टरांपर्यंत एवढा निरोप पोचवावा.

आधार किंवा प्रमाणपत्राचे फोटो व्हॉट्सअॅपवर कोणालाही पाठवू नका, आम्हालाही नाही. कागद शिबिरात स्वतः घेऊन या, अर्ज तुमच्यासमोर भरला जाईल आणि मूळ प्रती लगेच परत मिळतील. नोंदणी करून देतो म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. आमच्या शिबिरात मदतीचे शुल्क नाही.

पहिले शिबिर ओणीला घ्यायचा विचार आहे. देणगी, जागा किंवा वेळ देऊ इच्छिणाऱ्यांनी आपल्या ओळखीच्या सिस्टरकडे नाव द्यावे. निरोप आमच्यापर्यंत येतो.

आपल्या,
राजापूर तालुक्यातील परिचारिका