दुसऱ्याचा मेलबॉक्स उघडताना

चि. मधुरा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस. "आई, लॅपटॉप कंपनीचा, मेल कंपनीचा, मग मला चोरी केल्यासारखं का वाटतंय?" एवढं विचारलंस आणि मीटिंग आहे म्हणून ठेवलास. मी आपलं "अगं, वाटायचंच" म्हणून मोकळी झाले. ते काही उत्तर नव्हतं. आज सवडीने लिहिते.

तुझ्या टीममधला मुलगा राजीनामा देऊन गेला, ग्राहकाशी त्याचं काय ठरलं होतं ते कुणालाच ठाऊक नाही, आणि आता त्याचा मेलबॉक्स तुझ्या हवाली केलाय. मालकीचं म्हणशील तर वादच नाही. यंत्र कंपनीचं, पत्ता कंपनीचा, सर्व्हरही कंपनीचा. रुजू होताना त्यानेही ती पंधरा-वीस पानं सही करून दिली असणार, 'कंपनीच्या साधनांवर खासगीपणाची अपेक्षा ठेवू नये' हे वाक्य असलेली. ती पानं कुणी वाचत नाही. मी स्वतः दोन ठिकाणी ती लिहिली आहेत, म्हणून सांगते, लिहिणाराही परत वाचत नाही.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. माझी ॲडमिनची, म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर आणि मेल सांभाळायची, पहिली नोकरी. अकाउंट्समधल्या एक बाई अचानक रजेवर गेल्या आणि त्यांच्याकडची एक ऑर्डर सापडेना. साहेब आले, म्हणाले, त्यांचा मेल उघडा. मी पासवर्ड रिसेट केला आणि बसले. साहेब खुर्चीमागे उभे. सर्च करायचं सोडून मी नुसती यादी खाली सरकवत होते, वाण्याची वही चाळावी तशी. मध्येच एक विषय दिसला, 'रिपोर्ट आला'. साहेब म्हणाले, "हे काय आहे, बघा जरा." मी क्लिक केलं. तपासणीचा रिपोर्ट होता, त्यांनी नवऱ्याला पाठवलेला. रजेच्या अर्जावर त्यांनी 'घरगुती कारण' लिहिलं होतं. आम्ही दोघांनी पहिल्या चार ओळी वाचल्या. मग साहेब खाकरले आणि "राहू द्या" म्हणून निघून गेले.

ऑर्डर शेवटी फाईलमध्ये सापडली, कागदावर.

त्या बाई दीड महिन्याने परत आल्या. मला रोज "कशी आहेस गं" म्हणायच्या, आणि मी त्यांच्याकडे न बघता उत्तर द्यायची. त्यांना कधीच कळलं नाही. मी नियम मोडला नव्हता, हुकूम साहेबांचा होता, सगळं खरं. पण क्लिक माझा होता. तुला जे वाटतंय ना, ते हेच आहे, आणि ते वाटणं बंद होऊ देऊ नकोस. ज्यांना काहीच वाटेनासं होतं अशी ॲडमिन मंडळी मी पाहिली आहेत. दुपारच्या कंटाळ्यात दुसऱ्यांचे मेल वाचायची.

घर भाड्याचं असलं तरी घरमालक कडी न वाजवता आत शिरत नाही. कोर्टानेही साधारण हेच धरलंय. रोमानियातल्या एका विक्री अभियंत्याचं प्रकरण तुला माहीत असावं म्हणून सांगते. ग्राहकांशी बोलायला कंपनीच्या सांगण्यावरून त्याने याहू मेसेंजरचं खातं उघडलं होतं. वैयक्तिक वापराला कंपनीत सक्त मनाई. जुलै २००७ मध्ये कंपनीने आठवडाभर त्याचे निरोप नोंदवले आणि मग त्याला विचारलं. त्याने लिहून दिलं की मी फक्त कामासाठीच वापरतो. तेव्हा त्याच्यापुढे ४५ पानांची छापील प्रत ठेवली, भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी झालेल्या बोलण्याची. नोकरी गेली. तो युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला, २०१६ मध्ये हरला, आणि २०१७ मध्ये तिथल्याच मोठ्या पीठापुढे ११ विरुद्ध ६ अशा मतांनी जिंकला. त्याने नियम मोडला होता, हे कुणी नाकारलं नाही. कंपनीने लक्षच ठेवू नये, असंही कोर्ट म्हणालं नाही. विचारलं ते असं की आम्ही बघणार, इतपत बघणार, हे त्याला आधी सांगितलं होतं का? त्यामागे धड कारण होतं का? कमी घुसखोरीत काम झालं नसतं का? ते त्याच्या देशातल्या कोर्टांनी तपासलंच नव्हतं. मला यातला पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. का, ते शेवटी सांगते.

आता तुझं काम. 'फलाण्या ग्राहकाचा व्यवहार शोधण्यासाठी, या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं साहेबांकडून लेखी घे. तोंडी हुकमावर हात लावू नकोस. उद्या विचारलं तर तोंडी हुकूम कुणाला आठवत नाही. इनबॉक्स चाळायचा नाही, सर्चमध्ये त्या ग्राहकाचं डोमेन, म्हणजे त्यांच्या मेल पत्त्यातला @ नंतरचा भाग, टाकायचं आणि तेवढंच उघडायचं. शेजारी एचआरचं कुणीतरी बसव. विषयावरून घरचं दिसलं तर हात आवर, कितीही खुणावलं तरी. लागणारे मेल वेगळे काढून घेतलेस की तुझा ॲक्सेस काढून टाकायला सांग, आणि काढला का ते दोन दिवसांनी स्वतः तपास. ॲडमिन विसरतात. मीही विसरायची.

आणि हे सगळं करण्याआधी, अगं, त्या मुलाला फोन केलात का? राजीनामा दिलाय त्याने, परागंदा नाही झाला. दहा मिनिटांत सांगेल काय ठरलं होतं ते. शिवाय त्याचा मेलबॉक्स बघणार आहात हेही आपसूक त्याच्या कानावर जाईल.

"कोण बघतंय एवढं, राहील पडून" असं कुणी म्हणालं तर एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचं सांग. २००१ च्या डिसेंबरात ती कंपनी बुडाली, आणि चौकशी करणाऱ्या अमेरिकी ऊर्जा नियामकाने २००३ मध्ये तिथले मेल जाहीर करून टाकले. त्यातले दीडएकशे माणसांचे सुमारे पाच लाख मेल आजही कुणालाही उतरवून घेता येतात. भाषेवर आणि स्पॅम गाळण्यावर काम करणारे संशोधक ते वर्षानुवर्षं वापरत आलेत. त्यात घोटाळ्याचं आहे तसं घरचंही आहे, गप्पा, थट्टा, निरोप. ज्यांच्यावर कधी कसला आरोप झाला नाही अशांचंही आहे. त्यांनी ते डिलीट केलं असेल नसेल. सर्व्हरवरच्या आणि बॅकअपमधल्या प्रतीला त्याचं सोयरसुतक नसतं.

तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपचं थोडक्यात, कारण याबाबतीत तू बेफिकीर आहेस. इन्कॉग्निटो फक्त तुझ्या यंत्रावरची हिस्टरी ठेवत नाही, नेटवर्कवाल्याला साइटचं नाव दिसायचं ते दिसतंच. बँकेच्या पानावरची सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या ओळखपत्राची, माहिती एकदा उघडून बघ. ते देणाऱ्याच्या जागी तुझ्या कंपनीचं नाव असेल तर मधला प्रॉक्सी, म्हणजे तू आणि साइट यांच्यामध्ये बसलेला कंपनीचा सर्व्हर, आतला मजकूरही वाचू शकतो. ऑफिसच्या ब्राउझरमध्ये स्वतःच्या खात्याने सिंक चालू केलंयस का? तुझे घरचे पासवर्ड तिथे जाऊन बसलेत. बंद कर. आणि फोनवर ऑफिसचा मेल घेताना जे 'परवानगी द्या' येतं ते वाच. काही ठिकाणी त्यात सगळा फोन दुरून पुसायची परवानगी असते, फोटोंसकट.

आता शेवटचं, ज्यासाठी खरं तर कागद घेतला. तू नववीत होतीस तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवर ॲडमिन मी होते. तीन महिने मी तुझे चॅट वाचत होते, तू झोपलीस की. काळजी होती, कारणंही होती, ती आता मांडत बसत नाही. पण तुला सांगितलं नव्हतं. मग एकदा बोलता बोलता मी तुझ्या एका मैत्रिणीचं असं काही बोलून गेले, जे तू मला कधी सांगितलंच नव्हतंस. तू नुसतं वर बघितलंस. भांडली नाहीस, पासवर्डही बदलला नाहीस. दुसऱ्या दिवसापासून त्या चॅटमध्ये फक्त गृहपाठाचे प्रश्न येऊ लागले. मी वाचतेय हे माहीत असलेल्या माणसाने लिहिलेले.

त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क अजून माझ्या कपाटात आहे. चालते का बघायला परवा जोडली. तुझं 'म' नावाचं फोल्डर दिसलं. उघडलं नाही. पाठवून देऊ, की पुसून टाकू? नुसतं डिलीट करून ते जात नाही, वरून दुसरं काही लिहावं लागतं, तासभर लागेल. पुसायचं असेल तर तू आलीस की तुझ्यासमोर पुसू. तोवर ती रुमालात गुंडाळून ठेवली आहे.

तुझी,
आई