आकडा आहे, नावं कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या चावडीच्या गिलाव्याचं काम निघालं. गवंड्यानं दाराशेजारचा चुना खरवडला आणि खालून संगमरवरी पाटी निघाली. लहानपणी आम्ही हिलाच टेकून गोट्या खेळायचो. तेव्हाही वर चुन्याचे इतके हात बसलेले की अक्षरं कुणाला दिसत नव्हती. पाटीवर इंग्रजीत दोन ओळी आहेत. या गावातून १९१४-१९१९ च्या महायुद्धावर ३१ माणसं गेली. पैकी ४ जणांनी प्राण दिले. बस. एकाही माणसाचं नाव नाही.

सातारा, रत्नागिरी, रायगडकडे अशा पाट्या पुष्कळ गावांत आहेत. सरकारनं आकडा कोरला आणि हिशेब मिटवला. बसऱ्याच्या स्मारकावर तरी काय केलं? मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्या गोऱ्या सैनिकांची आणि आपल्याकडच्या अधिकाऱ्यांची नावं दगडावर आली. आपल्या शिपायांच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि पुढे मेलेल्यांची संख्या. अशी स्मारकं आणि समाध्या सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं हा दुजाभाव २०२१ च्या अहवालात कबूल केला, म्हणजे शंभर वर्षांनी.

त्या ३१ मधले एक माझे पणजोबा. १०३ वी मराठा लाईट इन्फंट्री, म्हणजे आजच्या मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. हे मला कळलं ते त्यांच्या पदकामुळे. पदकं दोन होती. चांदीचं होतं ते पणजीनं एका दुष्काळात सोनाराकडे दिलं, त्याचे आजीच्या लग्नात पैंजण झाले. दुसरं काशाचं, त्याला सोनार हात लावेना, म्हणून वाचलं. परवा मी ते चिंच लावून घासलं आणि भिंग घेऊन त्याची कड वाचली. अशा पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. इतकी वर्षं ते देवघरातल्या डब्यात पडून होतं आणि घरात एकालाही कड वाचायचं सुचलं नाही, मलासुद्धा.

ही पलटण मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा गावी तुर्कांच्या वेढ्यात होती. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेचा इंग्रज सेनापती जनरल टाउनशेंड यानं शरणागती पत्करली. (७ डिसेंबरला आपण ध्वजदिन पाळतो, हा निव्वळ योगायोग.) धान्य संपत आल्यावर घोडे कापले गेले. ते मांस खायला हरकत नाही, असा निरोप हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून मागवला, तरी आपल्यातल्या पुष्कळांनी बरेच दिवस तोंड लावलं नाही. नंतर कैद आली, वाळवंटातली पायपीट आली, तुर्कांच्या रेल्वेवरची खडीफोड आली. पणजोबा त्यातून जगून आले, तर भावकीनं पहिलं काय विचारावं? घोडा खाल्लास का? त्यांनी उत्तर दिलं नाही. आजी सांगायची, दोन वर्षं त्यांचं पान पंगतीत वेगळं मांडत. त्यांच्या सन्मानाची एवढीच गोष्ट आमच्या घरात शिल्लक आहे.

आता मुद्दा. पाटी निघाल्यावर आम्ही चौघांनी ३१ नावं गोळा करायचं ठरवलं. कामी आलेले चौघे दोन संध्याकाळीत सापडले! आयोगाच्या यादीत वडिलांचं नाव आणि गावसुद्धा आहे, फक्त गावाचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी शोधावं लागलं. अडलं ते परत आलेल्यांपाशी. जे गावात राहिले, ज्यांनी विहिरी पाडल्या, पेन्शनीच्या पैशातून देवळाला घंटा वाहिली, त्यांचा कागद कुठेच नाही. एका कार्यालयात गेलो तर विचारलं, ‘शहीद आहेत का?’ नाहीत म्हटल्यावर साहेबांनी फाईल मिटली. २०२३ साली ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत गावोगाव शिलाफलक बसले, ते हुतात्म्यांचे. तसे असायलाच हवेत. पण परत आलेल्याचं नाव लिहायला जागा कुठे आहे?

पंजाबचं उदाहरण बघा. लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धातल्या सुमारे ३ लाख २० हजार पंजाबी सैनिकांच्या गाववार नोंदवह्या पडून होत्या. २०२१ पासून त्या संगणकावर येऊ लागल्या. त्यांत मेलेले आहेत आणि परतलेलेही आहेत. आपल्याकडे तशी वही कुणी दाखवली नाही, तेव्हा ती घराघरातूनच लिहावी लागणार. ग्रामसभेनं ठराव करावा, ग्रामपंचायतीनं एक नोंदवही ठेवावी. पदकाची कड, डिस्चार्ज बुक, मनीऑर्डरची पावती, जे हाती लागेल त्याची नक्कल घ्यावी. पहिल्या महायुद्धापासून आज सीमेवर असलेल्या पोरापर्यंत सगळ्यांची नावं त्यात यावीत. आचारी, खेचरवाले, पाणकेही यावेत. त्यांच्या पदरात पदक पडलं तेही बहुधा चांदीचं नव्हे, काशाचं. अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळी या फौजी गावांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. बाकीच्या गावांत मात्र आजीबरोबर नाव जातं.

आमच्या वहीत आजवर १९ नावं झाली. १२ राहिलीत. त्यातली चार-पाच घरं गिरण्यांच्या काळात लालबाग-परळला गेली आणि पुढे कल्याण-डोंबिवलीकडे पांगली. त्यांच्या माळ्यावर एखादं काळं पडलेलं पदक असेल, तर विकण्याआधी कड वाचावी आणि गावच्या ग्रामपंचायतीला पत्र टाकावं. गवंड्याला सांगून पाटीखालची तीन फूट भिंत आम्ही तूर्त कोरी ठेवली आहे.

— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)