घरभाडे कोणत्या शीर्षात? निकष परिपत्रकात लिहा

माननीय केंद्रीय अर्थमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

२०२४ च्या वित्त (क्रमांक २) कायद्याने आयकर कायद्याच्या कलम २८ ला स्पष्टीकरण जोडले. मालकाने निवासी घर भाड्याने दिले, तर ते उत्पन्न ‘धंदा’ या शीर्षात (करासाठी ठरवलेल्या उत्पन्नाच्या प्रकारात) नव्हे, ‘घरमालमत्ता’ या शीर्षातच धरायचे. हेतू रास्त होता. साध्या घरभाड्यावर घसारा (वापराने वस्तूची घटणारी किंमत) आणि प्रवासखर्च लावण्याची पळवाट बुजली. पण ‘निवासी घर’ कशाला म्हणायचे हे तिथे सांगितलेले नाही. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, प्रश्न तसाच राहिला. (या पत्रातले क्रमांक जुन्या, १९६१ च्या कायद्यातले आहेत.)

होमस्टेचे, म्हणजे पाहुण्यांना पैसे घेऊन मुक्कामाला दिलेल्या घराचे, गणित पाहा. वर्षाची जमा ४,८०,००० रुपये, भरलेला मालमत्ता कर १२,०००. नोकर, धुलाई, नाश्ता, वीज आणि बुकिंगचे कमिशन मिळून खर्च २,४०,०००. धंदा मानला तर करपात्र उत्पन्न २,२८,०००. घरमालमत्ता मानली तर ४,६८,००० मधून कलम २४ ची सरसकट ३० टक्के वजावट, म्हणजे १,४०,४०० जातात आणि ३,२७,६०० वर कर बसतो. खिशातून गेलेल्या ९९,६०० रुपयांवरही कर! उलट नुसत्या भाड्याच्या घराला खर्च फारसा नसतो, तिथे हीच ३० टक्के वजावट फायद्याची ठरते.

फर्निचरसह घर दिले आणि दोन्ही वेगवेगळे भाड्याने दिल्याचे मानता येत नसेल, तर कलम ५६ नुसार उत्पन्न ‘इतर स्रोतां’त जाते. मग ३० टक्के मिळत नाहीत. प्रत्यक्ष दुरुस्ती आणि घसाऱ्याचा हिशेब मांडावा लागतो.

दुकाने-कार्यालयांना कलम २८ चे हे स्पष्टीकरण लागूच नाही. तिथे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल चाळत बसायचे. चेन्नई प्रॉपर्टीज (२०१५) मध्ये भाडे हाच कंपनीचा मुख्य उद्देश म्हणून ते धंद्याचे उत्पन्न ठरले. राज दादरकर (२०१७) मध्ये नुसते उद्देशकलम (संस्थेचा व्यवसाय काय हे सांगणारे कलम) पुरेसे नाही म्हणून घरमालमत्तेचे. तरीही संस्थेच्या स्थापनेच्या कागदपत्रांतले उद्देशकलम सजवून घेणारे थांबलेले नाहीत.

म्हणून केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढावे. मुक्काम ३० दिवसांहून कमी, आणि सफाई, चादरी, जेवण यांपैकी किमान दोन सेवा मालकाकडून, असे असेल तर धंदा, एरवी घरमालमत्ता. व्यापारी जागांनाही कसोटी सेवांचीच असावी, उद्देशकलमाची नको. कलम १९४-आय खाली भाड्यावर टीडीएस (भाडे देणाऱ्यानेच आधी कापलेला कर) कापला म्हणून शीर्ष ठरत नाही, हेही अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. परिपत्रक विवरणपत्रे भरायला सुरुवात होण्याआधी यावे, नाहीतर शीर्ष बदलण्यासाठी करदात्याला सुधारित विवरणपत्र भरावे लागेल.

आपले,
करसल्लागार व लेखापाल